कृतज्ञतेची वही: आठवड्यातून एकदा, पण नेमकी

‘रोज रात्री दहा गोष्टींचे आभार माना’ असे मेसेज व्हॉट्सॲपवर फिरत असतात. चौथ्या दिवशी ‘आई, तब्येत, नोकरी’ ही यादी पाठ होते. हात लिहीत राहतो आणि डोकं उद्याच्या शिफ्टमध्ये असतं. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ या मानसशास्त्रज्ञांच्या २००३ सालच्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांनी दहा आठवडे, आठवड्यातून एकदाच, जास्तीत जास्त पाच गोष्टी लिहिल्या. कटकटींची यादी करणाऱ्या गटापेक्षा त्यांना आपलं आयुष्य जास्त बरं वाटत होतं. तेव्हा सुरुवात आठवड्यातून एकदाच करा.

शंभरपानी वही घ्या. रविवारी रात्री जेवणं उरकली की पंधरा मिनिटं बसा. मोबाइलवर लिहू नका, मध्येच रील सुरू होतं. पाच नोंदींचा हट्ट नको, तीन पुरे. पण प्रत्येक नोंदीत चार गोष्टी हव्यात: काय घडलं, कुणी केलं, त्याला त्यासाठी काय सोसावं लागलं, आणि ते झालं नसतं तर काय झालं असतं.

‘पाणी मिळालं, बरं वाटलं’ ही नोंद मेलेली. त्याच प्रसंगाची, नाशिकमधली जिवंत नोंद अशी: ‘मंगळवारी सिडकोत पाणी अवेळी आलं. मी सातपूरला ड्युटीवर. शेजारच्या काकूंनी न सांगता आमचे दोन हंडे आणि बादली भरून ठेवली, त्यात त्यांचं दळण राहिलं. नाहीतर रात्री घरी येऊन मी पाण्यासाठी दारोदार फिरले असते.’

यातलं शेवटचं वाक्य बहुतेक जण गाळतात, आणि जोर तर त्यातच असतो. चांगली गोष्ट सवयीची झाली की दिसेनाशी होते. ती घडलीच नसती अशी कल्पना केली तर मनाला जास्त उभारी येते, हे मिंक्युंग कू आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवलं. घंटागाडी चार दिवस आलीच नाही तर ओल्या कचऱ्याचं काय होईल, असा विचार करून बघा. गाडीवरचा माणूस एकदम डोळ्यांसमोर येतो.

वहीतलं माणसापर्यंत पोचवायचं तर आपल्याकडे अडचण असते. घरात ‘धन्यवाद’ म्हटलं की ‘बरं आहे ना तुला?’ असं विचारतात. मग तो शब्द वगळा, कृती सांगा: ‘आई, पहाटे साडेपाचला उठून डबा केलास. पहिल्या शिफ्टचं माझ्याआधी तुझ्या लक्षात असतं.’ ‘माझं काम झालं’ यापेक्षा ‘तू किती लक्ष ठेवतेस’ हे समोरच्याला जास्त भिडतं. सारा अल्गो यांच्या अभ्यासातही हेच दिसलं.

जुन्या शिक्षकांना किंवा पहिल्या नोकरीतल्या सुपरवायझरना पत्र लिहायचं असेल तर एक पान पुरे. भाषा जमेल का, त्यांना विचित्र वाटेल का, ही भीती फाजील आहे. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांच्या २०१८ च्या प्रयोगांत लिहिणाऱ्यांनी समोरच्याच्या अवघडलेपणाचा अंदाज जास्त आणि आनंदाचा कमी धरला होता. लिहून पाठवून टाका, पाचव्यांदा सुधारत बसू नका.

बिघडतं कुठे? ‘आता याची फेड कशी करू’ हा विचार आला की कृतज्ञतेचं ओझं होतं. अशा उपकाराची नोंद त्या आठवड्यात बाजूला ठेवा. ‘लोकांकडे तर एवढंही नाही’ अशी तुलना लिहू नका, त्यात कुणाच्या चांगुलपणाचा पत्ताच नसतो. पगार थकला असेल किंवा घरात मारहाण होत असेल, तर ‘जे आहे त्यात समाधान मान’ म्हणणं सरळ अन्याय आहे. तिथे तक्रार करायची असते. नैराश्य आणि चिंतेवर या सरावाचा परिणाम एकूण अभ्यासांत लहानच दिसतो, त्यामुळे उपचारांऐवजी वही चालणार नाही. झोप, भूक बिघडून दोन आठवडे झाले असतील तर डॉक्टरांना दाखवा, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. तिथे मराठीत बोलता येतं.

नोंदी एकसुरी व्हायला लागल्या तर विषय बांधून घ्या: एक रविवार फक्त कामावरच्या माणसांसाठी, पुढचा शहरातल्या सिटीलिंक बसमधल्यांसाठी, त्यापुढचा ज्यांचं नावही ठाऊक नाही त्यांच्यासाठी. तरीही काही सुचलं नाही तर तो आठवडा कोरा सोडा.