ताळगावच्या पठारावर आपलं गाव कसं शोधायचं

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली. उभा जन्म शाळेत मराठी शिकवलं, पोर्तुगीजचा गंध नव्हता. निवृत्त झाल्यावर घरच्या पत्र्याच्या पेटीत पणजोबांच्याही आधीचं एक हस्तलिखित विक्रीखत निघालं आणि त्याच्या नादाने मी ताळगावच्या पठारावरच्या गोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन बसू लागले. गावाचा किंवा घराण्याचा माग काढायला तिथे जाणार असाल, तर माझ्या चुकांचा तुम्हाला उपयोग होईल.

आधी कुठे काय आहे ते कळायला हवं. विद्यापीठात डॉ. पांडुरंग पिसुर्लेकरांचा ग्रंथसंग्रह आहे. पिसुर्लेकर (१८९४–१९६९) आमच्या सत्तरीतल्याच पिसुर्ल्याचे. पोर्तुगीज काळात पणजीच्या सरकारी पुराभिलेखागाराचे ते कित्येक वर्षं प्रमुख होते. त्यांच्या संग्रहात मुख्यतः छापील ऐवज आहे : इतिहासग्रंथ, नियतकालिकं, कायदे. मूळ हस्तलिखितं, म्हणजे जमिनीच्या खंडाचे फोराल, मोडी नि गोंयकानडी या जुन्या लिप्यांतले कागद, मोसमी वाऱ्यांवर ये-जा करणाऱ्या जहाजांतून लिस्बनशी झालेला पत्रव्यवहार, हे सगळं पणजीच्या पुराभिलेखागारात. मी पहिल्याच दिवशी विद्यापीठाच्या खिडकीवर ‘आमच्या गावाचा फोराल काढून द्या’ म्हणाले होते. समोरची मुलगी हसली नाही, हे तिचे उपकार.

पोर्तुगीज येत नसेल तर घाबरू नका, मराठीपासून सुरुवात करा. पिसुर्लेकरांच्या पोर्तुगीज लेखनाचं ‘पोर्तुगीज-मराठे संबंध’ हे मराठी पुस्तक पुणे विद्यापीठाने १९६७ साली काढलं. ते आधी वाचलंत तर कोणत्या साली आपला तालुका कोणाकडे होता याचा अंदाज येतो.

जाताना प्रश्न छोटा न्या. ‘सत्तरीचा इतिहास’ मागितलात तर टेबलावर डोंगर होईल. ‘१८९५ च्या बंडात आमच्या गावाचं नाव येतं का’ असं विचारा. त्या साली मोझांबिकला जायला नकार देऊन पोर्तुगीज सैन्यातले मराठा शिपाई बिथरले आणि सत्तरीतले राणे त्यांना येऊन मिळाले. साल हाताशी असलं की सरकारी राजपत्राचा, ‘बोलेतीं’चा, नेमका खंड मागता येतो. ते १८३७ पासून निघू लागलं. एखादा खंड इथे नसला तर पणजीच्या सेंट्रल लायब्ररीत विचारा.

आता खरी मेख : नावं. गावाचं नाव पोर्तुगीज रोमीत कसं लिहीत, हे घरी बसून वहीत उतरवल्याशिवाय बस धरू नका. ‘ए’ आणि ‘इ’च्या आधी ‘क’ लिहायला त्यांना क्यू-यू लागतं. म्हणून केपे, केरी ही गावं ‘के’च्या पानावर कधीच सापडणार नाहीत, आणि सांखळीच्या मधल्या अक्षरातही क्यू-यूच असतं. शेवटचा एम हा ‘म’ नव्हे, नुसता नाकातला उच्चार. एक्सचा बहुधा ‘श’ होतो. दोन स्वरांमध्ये एकच एस आला तर तो ‘झ’सारखा, म्हणून पिसुर्लेकर स्वतःच्या नावात दोन एस लिहीत. १९११ मध्ये पोर्तुगालने शुद्धलेखन बदललं, तेव्हा जुन्या छापात वाय असेल तिथे पुढे आय दिसतो. वाळपई दोन्ही तऱ्हांनी शोधा. दिचोलीची सुरुवात मात्र बी-ने होते. तिथे उच्चाराचा कोणताच नियम कामाला येत नाही, ती पाठच करायची.

आडनावांचं तेच. प्रभूंचे ‘पोरोबु’ झालेले असतात, कामतांचे ‘कामोतीं’, शेणयांचे ‘सिनाय’. संग्रहातली बरीच पुस्तकं स्कॅन झालेली आहेत, पण संगणकात एकच स्पेलिंग टाकून ‘काही नाही’ म्हणत उठू नका. जुन्या छापातली अक्षरं यंत्रालाही नीट लागत नाहीत. शेवटची अनुक्रमणिका डोळ्यांनी चाळा.

महिन्यांनी मला पुरतं फसवलं. आमच्या विक्रीखतावर ७ चा आकडा आणि त्याला चिकटून ‘ब्रु’ होतं. सातवा महिना म्हणून मी जुलै धरला आणि तीन दिवस जुलैचे अंक उलटे-पालटे केले. तो होता सेतेंब्रु, सप्टेंबर! सेते म्हणजे सात. जुन्या रोमन पंचांगात वर्ष मार्चपासून मोजत, त्याचा हा अवशेष. तसंच ८ म्हणजे ऑक्टोबर, ९ म्हणजे नोव्हेंबर आणि एक्स, म्हणजे रोमन दहा, हा डिसेंबर.

पैशांतही असंच घसरायला होतं. जुन्या हिशेबात पाच टंगांची एक असुर्पी आणि दोन असुर्पींचा रुपया. १८८१ पासून ब्रिटिश रुपयाच्या बरोबरीने सोळा टंगांचा रुपया आला. तेव्हा ‘दहा टंगा’ दिसलं की आधी साल बघा, मग पूर्वज श्रीमंत होते की नाही ते ठरवा.

बाकी किरकोळ. ग्रंथालयाला आधी पत्र किंवा ईमेल करून काय बघायचंय ते कळवा, ओळखपत्र ठेवा, पेन घरी ठेवून पेन्सिल न्या. फोटो काढण्याआधी परवानगी विचारा. आमच्या हवेत कागद लवकर दमट होतो, पानं चिकटलेली असली तर स्वतः सोडवू नका, माणसाला हाक मारा. हात धुऊन पूर्ण कोरडे करा. शेवेचे लाडू पिशवीतच राहू द्या (हे मी अनुभवाने सांगते).

आणि प्रत्येक फोटोच्या आधी पुस्तकाच्या मुखपृष्ठाचा आणि कण्यावरच्या क्रमांकाच्या चिठ्ठीचा फोटो काढा. मग खंड, साल, पान वहीत. पहिल्या खेपेला मी मोठ्या आनंदाने ‘निळं जाड पुस्तक, पान १४३, आमचं नाव आहे’ एवढंच लिहून आणलं होतं. दुसऱ्या खेपेला जाऊन बघते तर निळी जाड पुस्तकं अख्खी एक फळीभर.