लेन्स किती शार्प आहे ते सोलापुरी चादरीवर कसं तपासायचं

फोटो सॉफ्ट, म्हणजे बारीक तपशील मऊ-धुरकट, आला की सगळा राग लेन्सवर निघतो. "किट लेन्स आहे ओ, त्यात काय येणार" हे वाक्य तर पाठच झालंय सगळ्यांना. पण तीच किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्याबरोबर मिळते ती साधी लेन्स, एफ ८ वर टाका (हा आकडा काय ते पुढं सांगतो), शेजारी दसपट किमतीची लेन्स पण एफ ८ वर टाका आणि दोन्ही फोटोंचा मधला भाग मोबाईलवर दाखवा, कुठला कशाचा ते सांगणारा माणूस शोधायला लागेल. महाग लेन्सला आपण पैसे मोजतो ते मुख्यतः अपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं भोक, पूर्ण उघडं असताना आणि फ्रेमच्या कोपऱ्यात ती काय करते यासाठी. हे एकदा लक्षात आलं की आपल्याकडची लेन्स कुठं चांगली चालते ते घरीच शोधता येतं, आणि सोलापूरकराला त्यासाठी टेस्ट चार्ट विकत घ्यायची गरजच नाही.

आधी थोडं आतलं. एफ नंबर म्हणजे फोकल लेंथ (लेन्सवर लिहिलेला एमएमचा आकडा) भागिले अपर्चरच्या भोकाचा व्यास, म्हणून आकडा मोठा तेवढं भोक बारीक. ५० एमएमची लेन्स एफ २ वर असेल तर भोक २५ एमएमचं, एफ ८ वर जेमतेम सव्वासहा एमएमचं. भोक मोठं असलं की काचेच्या कडेकडेनं येणारा प्रकाश पण आत घुसतो आणि कडेचा प्रकाश मधल्या प्रकाशाच्या जागेवर नेमका येऊन मिळत नाही, म्हणून बारीक रेषेभोवती धुकट झालर येते, कॉन्ट्रास्ट पडतो, कधी जांभळी-हिरवी कड दिसते. भोक बारीक केलं की कडेचा प्रकाश कापला जातो आणि चित्र सुधारतं. चष्मा घरी राहिला की आपण डोळे बारीक करून एसटीचा बोर्ड वाचतो ना, त्यातली भानगड हीच आहे.

मग एफ २२ वरच ठेवून द्यावं की! नाही चालत. भोक फार बारीक झालं की प्रकाश त्याच्या कडेला वळून पसरायला लागतो, त्याला डिफ्रॅक्शन म्हणतात. एक टिंब टिंब राहत नाही, त्याची चकती होते. हिरव्या प्रकाशाला एफ ८ वर ही चकती साधारण ११ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे एमएमचा हजारावा भाग) असते, एफ १६ वर २१ आणि एफ २२ वर ३० च्या आसपास. २४ मेगापिक्सलच्या एपीएस-सी (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्याचा एक पिक्सल साधारण ४ मायक्रॉनचा, म्हणजे एफ १६ ला एक टिंब पाच पिक्सलवर पसरतं. आणि ह्यात लेन्सची किंमत काही कामाला येत नाही, दहा हजाराची असो नाहीतर दोन लाखाची, एफ २२ ला दोघी सारख्याच मऊ.

म्हणून बहुतेक लेन्स पूर्ण उघड्यापासून दोन-तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) खाली सगळ्यात शार्प असतात. ५० एमएम एफ १.८ असेल तर एफ ४ ते एफ ५.६, किट लेन्स असेल तर एफ ८. हा झाला अंदाज, नेमका आकडा आपापल्या लेन्सचा आपणच काढायचा.

आता चादर काढा. जेकार्डची, बारीक चौकोनी किंवा फुलांची नक्षी असलेली, दोन रंगांत भरपूर फरक असलेली घ्या, म्हणजे गडद लाल-पांढरी किंवा निळी-पांढरी. धुऊन धुऊन लव उठलेली नको, नवीच बरी, फार तर आईला विचारून घ्या. गच्चीवर सावलीतल्या भिंतीला आडवी ताणून लावा, चारी कोपरे आणि मधे एक-दोन ठिकाणी चिमटे किंवा टेप, सुरकुती पडली की टेस्ट गेली. सकाळी लवकर करा, वारा कमी असतो आणि भिंत तापलेली नसते, आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये दहानंतर गच्चीवर कॅमेराच काय, माणूस पण टिकत नाही. एपीएस-सी बॉडीवर ५० एमएम असेल तर पूर्ण चादर फ्रेममध्ये बसायला साधारण पंधरा फूट मागं जावं लागतं.

कॅमेरा ट्रायपॉडवर. स्टॅबिलायझेशन बंद. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, अपर्चर प्रायॉरिटी मोड (एफ नंबर आपण ठरवायचा, शटर कॅमेरा ठरवतो), रॉ फाईल (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली), २ सेकंदाचा टायमर, म्हणजे बटण दाबताना बसणारा धक्का फोटोत येत नाही. यात सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे कॅमेरा भिंतीला समांतर ठेवणं आणि नेमकं तिथंच लोक घाई करतात. त्याला सोपी युक्ती आहे, चादरीच्या बरोबर मधे एक छोटा सपाट आरसा भिंतीला चिकटून धरायला लावा कुणाला तरी आणि व्ह्यूफाइंडरमधून बघा, आरशात तुमच्याच लेन्सचं भोक फ्रेमच्या मधोमध दिसलं की कॅमेरा सरळ आहे. दिसत नसेल तर हलवत राहा, दिसेपर्यंत पुढं जाऊ नका.

फोकस ऑटोवर सोडू नका. लाइव्ह व्ह्यू, म्हणजे मागच्या स्क्रीनवरचं चित्र, चालू करून मधली नक्षी १० पट मोठी करा आणि रिंग हळूहळू फिरवत धागा न् धागा उठून दिसेल तिथं थांबा. मग रिंगला हात न लावता पूर्ण उघड्यापासून सुरू करा: १.८, २.८, ४, ५.६, ८, ११, १६, २२. शटर कॅमेरा आपोआप बदलेल, बदलू दे.

फोटो कॉम्प्युटरवर १०० टक्क्यांवर उघडा, आधी मधला भाग आणि मग चारी कोपरे. एफ १.८ ला लाल आणि पांढरा धागा जिथं मिळतो तिथं कड दुधाळ दिसेल, रंग जरा उडाल्यासारखा. एफ ४ ला तीच कड चाकूनं कापल्यासारखी. कोपरे मात्र उशिरा सुधारतात, मधला भाग एफ ४ ला शार्प झाला तरी कोपऱ्यांना बऱ्याचदा एफ ८ लागतं. आणि एक गंमत बघा, एफ ५.६ च्या फोटोत बारीक विणीवर इंद्रधनुष्यासारखे वेडेवाकडे पट्टे दिसले तर घाबरू नका, चादर खराब नाही की लेन्स खराब नाही. त्याला मॉयरे म्हणतात, वीण इतकी बारीक आणि लेन्स इतकी शार्प की सेन्सरला ते धागे नीट मोजता येत नाहीत. आता एफ २२ चा फोटो बघा, ते पट्टे फिके पडलेत किंवा गायबच झालेत, कारण डिफ्रॅक्शननं धागेच पुसून टाकले. डिफ्रॅक्शन डोळ्यांनी बघायचं असेल तर यापेक्षा स्वस्त सोय मला माहीत नाही.

चारीपैकी एकच कोपरा किंवा एकच बाजू मऊ असेल आणि आरशाचं काम तुम्ही नीट केलं असेल, तर लेन्सच्या आतली एखादी काच जागेवरून सरकलेली असण्याची शक्यता आहे. एकाच मॉडेलच्या दोन लेन्समध्ये सुद्धा असा फरक निघतो. चारी कोपरे सारखेच मऊ असतील तर एकदा कोपऱ्यावरच फोकस करून फोटो काढा. तो शार्प आला तर त्या लेन्सचं फोकसचं प्रतलच वक्र आहे, सपाट भिंतीला त्रास होईल पण माणसांच्या फोटोला सहसा फारसा फरक पडत नाही.

जांभळ्या-हिरव्या कडांचं म्हणाल तर त्यात दोन जाती. फोकसच्या पुढं-मागं दिसणारी अपर्चर बारीक केलं की कमी होते. फ्रेमच्या कडेला, समजा महापालिकेच्या इंद्रभुवन इमारतीच्या नक्षीमागं पांढरं आभाळ असताना दिसते ती अपर्चरनं जात नाही, ती सॉफ्टवेअरमध्ये एका टिकमार्कनं जाते. महाग लेन्समधल्या ईडी काचा, म्हणजे रंग कमी फाकवणाऱ्या काचा, ह्याच कामासाठी असतात. बाकी स्वस्त ५० एमएमला नावं ठेवू नका, कॅननच्या ५० एमएम एफ १.८ मध्ये सहाच काचा आहेत आणि त्या मांडणीचं मूळ १८९६ साली झाइसच्या पॉल रुडॉल्फनं केलेल्या प्लॅनार लेन्सपर्यंत जातं, जुनं डिझाइन आहे पण पक्कं.

आकडा सापडला म्हणून सगळीकडं तोच लावत बसायचं नाही. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत संध्याकाळी नंदीध्वज चाललेत, उजेड गेलाय आणि तुम्ही "माझी लेन्स एफ ८ ला शार्प आहे" म्हणून शटर १/१५ सेकंदावर ठेवून फोटो काढताय, तर बाराबंदी घातलेली माणसं नुसती पांढरी भुतं दिसतील. तिथं एफ २, शटर १/२५०, आयएसओ लागेल तेवढा. लेन्सचा मऊपणा हललेल्या फोटोपेक्षा कधीही परवडतो. शोभेच्या दारूला उलट, ट्रायपॉड, आयएसओ १००, एफ ८ ते ११ आणि काही सेकंदांचं शटर. सिद्धेश्वर मंदिर तळ्याच्या काठावरून घेताना पुढचे दगड पण स्पष्ट हवेत तर एफ ११ पर्यंत जा, त्यापुढं फायदा कमी आणि तोटा जास्त. शिवाय एफ १६ ला सेन्सरवरच्या धुळीचे काळे ठिपके आभाळात उठतात, आणि आपल्या गावात धुळीला काय तोटा.

सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर दुपारी काळवीट काढायला गेलात तर कुठलाच एफ नंबर मदतीला येत नाही. जमीन तापते, हवा थरथरते आणि लांबच्या लेन्समधून काळवीट पाण्यात बुडाल्यासारखं दिसतं. लोक घरी येऊन लेन्सला शिव्या देतात. तिथं उजाडताना जायचं, एवढाच इलाज.

जुनी लेन्स घ्यायची असेल तर दुकानात काचेवरचे ओरखडे बघण्यात वेळ घालवू नका, एखादा बारीक ओरखडा शार्पनेसला सहसा काही करत नाही. आतली बुरशी मात्र टॉर्च मारून बघा. आणि आपलं कार्ड आपल्याच कॅमेऱ्यात घालून समोरच्या वीट-भिंतीचे किंवा टांगलेल्या टॉवेलचे पूर्ण उघड्यावर आणि एफ ८ वर असे फोटो काढा, घरी जाऊन कोपरे बघा, मग दुसऱ्या दिवशी पैसे द्या. दुकानदार म्हणेल आत्ताच घ्या, उद्या राहणार नाही. राहते ओ.