रेझिस्टंट जंतूचा माग काढताना या चुका टाळा

हॉस्पिटलच्या इन्फेक्शन कंट्रोलमध्ये (संसर्ग रोखणाऱ्या विभागात) नवीन आलेला माणूस पहिल्याच आठवड्यात एक्सेलमध्ये रंगीत आलेख काढून आणतो. आलेख देखणा असतो. त्यामागची रुग्णांची यादी पाहिली की डोकं धरावं लागतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक ‘वॉर्ड’च्या रकान्यात असते. रिपोर्ट आला तेव्हा रुग्ण जिथे होता, तोच वॉर्ड तिथे लिहिलेला असतो. हे मीही केलंय. पाच जणांच्या कल्चरमध्ये मेरोपेनेमला (अगदी शेवटी वापरायच्या अँटिबायोटिकला) न जुमानणारा क्लेबसिएला हा जंतू उगवला, पाचही जण यादीत सर्जरी वॉर्डचे. दहा दिवस आम्ही त्या वॉर्डच्या मागे लागलो. खाटांचे कठडे, सलाइनचे स्टँड, ट्रॉल्या, सगळ्याचे स्वॅब घेतले. हाती काही नाही, सिस्टर मंडळी वैतागली ती वेगळीच. शेवटी तिथल्याच एक सिनियर सिस्टर म्हणाल्या, “मॅडम, हे पाचही जण आयसीयूतून आलेत. आणि तिथे बेसिनजवळच्या खाटेवर होते.” बेसिनच्या जाळीखालचा स्वॅब लावला, दुसऱ्या दिवशी कल्चरची प्लेट जंतूंनी गच्च. नळाची धार थेट जाळीवर पडायची, शिंतोडे खाटेपर्यंत उडायचे, आणि उरलेलं सलाइनही तिथेच ओतलं जायचं.

तेव्हापासून मी प्रत्येक रुग्णासाठी कागदावर एक आडवी पट्टी आखते. दाखल झाल्यापासून कोणत्या तारखेला कोणती खाट, एवढंच. पेन्सिलने. सॉफ्टवेअर त्यानंतर.

दुसरी चूक म्हणजे ‘सेन्सिटिव्हिटी (कोणतं औषध जंतूवर चालतं, कोणतं नाही) सारखी, म्हणजे जंतू तोच’. तसं नसतं. एकमेकांशी काही संबंध नसलेल्या दोन जंतूंचा पॅटर्न जुळू शकतो. उलट एनडीएमचं (मेरोपेनेमसारखी औषधं निकामी करणाऱ्या एन्झाइमचं) जनुक प्लाझ्मिडवर, म्हणजे एका जंतूतून दुसऱ्यात जाणाऱ्या डीएनएच्या तुकड्यावर, बसून क्लेबसिएलातून ई. कोलाय या दुसऱ्या जंतूमध्ये जातं, आणि आपण दोघांच्या वेगळ्या याद्या करत बसतो. खात्री करायची तर जंतू हाताशी हवा. म्हणून प्लेट फेकण्याआधी ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांना ठेवा. ‘जागा नाही’ हे कारण मी ऐकून घेत नाही.

नवी केस नाही म्हणून फाइल बंद करण्याची घाई नको. २०११ मध्ये अमेरिकेच्या एनआयएच क्लिनिकल सेंटर या सरकारी संशोधन रुग्णालयात केपीसी (एनडीएमसारखंच दुसरं एन्झाइम) बनवणाऱ्या क्लेबसिएलाची पहिली रुग्ण घरी गेली, आणि तीन आठवड्यांनी दुसरा रुग्ण सापडला. एकूण १८ जणांपर्यंत तो पोचला. जिनोम तपासल्यावर सगळ्यांचा धागा तिच्याशीच जुळला. मधल्या काळात जंतू लक्षणं नसलेल्या माणसांत मुकाट राहतो. रेक्टल (गुदद्वारातला) स्वॅब घेतल्याशिवाय तो दिसत नाही.

एकाच रुग्णाचे तीन नमुने म्हणजे तीन केसेस नव्हेत, पहिला धरा.

तीसपेक्षा कमी नमुन्यांवर रेझिस्टन्सची टक्केवारी काढू नका.

स्क्रीनिंग वाढवलं की आकडा वाढणारच. किती स्वॅब घेतले तेही शेजारी लिहा.

आणि आलेखाने अचानक उडी मारली तर आधी लॅबला फोन करून जंतूला रेझिस्टंट ठरवायचे निकष बदललेत का ते विचारा. २०१० मध्ये सीएलएसआय या लॅबचे निकष ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेने एंटेरोबॅक्टेरिएसीसाठी (क्लेबसिएला, ई. कोलाय यांच्या कुळासाठी) कार्बापेनेमचे, म्हणजे मेरोपेनेमच्या गटातल्या औषधांचे, निकष कडक केले. नवे निकष लॅबने ज्या दिवशी लावले, त्या दिवशी कालचेच काही जंतू कागदावर रेझिस्टंट झाले.