सिग्नलला गाडी थरथरते? कॉइलची अदलाबदल करून बघा

जुनी सहा सिलिंडरवाली लक्झरी सेडान आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) थरथरायला लागली की सरळ सहाही कॉइल (प्रत्येक सिलिंडरच्या स्पार्क प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग) बदला म्हणतात, मला म्हापशात हेच सांगितलेलं, पण बहुतेक वेळा गेलेली असते एकच आणि ती घरच्या घरी सापडते.

१. साधा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावा. समजा पी०३०२ आला. पी०३०२ म्हणजे दुसऱ्या सिलिंडरचा मिसफायर (त्यात पेट्रोल नीट पेटत नाही), शेवटचा आकडा सिलिंडरचा.
२. इंजिन बंद करून थंड होऊ द्या, मग दुसऱ्याची कॉइल पाचव्यावर आणि पाचव्याची दुसऱ्यावर.
३. कोड पुसा, उभ्या जागी दोन-चार मिनिटं चालू ठेवा. आता पी०३०५ आला तर कॉइलच गेली, तेवढी एकच आणा. पी०३०२च राहिला तर प्लगची अशीच अदलाबदल, मग इंजेक्टर (सिलिंडरला पेट्रोल फवारणारा भाग) बघा.

कॉइल काढलीच आहे तर प्लगच्या खड्ड्यात टॉर्च मारून बघाच. माझ्या कॉइलचा रबरी बूट तेलाने चिकट झालेला, म्हणजे व्हॉल्व्ह कव्हरचं (इंजिनाच्या वरच्या झाकणाचं) गॅस्केट गळत होतं, ते तसंच ठेवून नवी कॉइल लावली तर तीही जाते. आपल्याकडच्या पावसात तिथे ओलही धरते, कोरडं पुसून घ्या.

चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर मात्र गाडी अजिबात पळवू नका, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर साफ करणारा भाग) जाऊन तो जाळून टाकतं.