जर्नलच्या संपादक मंडळांचा अभ्यास: एम.टेक., पीएच.डी.च्या नव्या मुलांसाठी

सांगलीचं वालचंद, कराडचं शासकीय अभियांत्रिकी, राजारामनगरचं आरआयटी, यांपैकी कुठेही बसून हा विषय करता येतो: कॉम्प्युटिंगच्या जर्नलांच्या संपादक मंडळांवर स्त्रिया किती आणि कोणत्या देशांतली माणसं किती. पेपर वाचायला अनेकदा वर्गणी लागते, मंडळाची यादी मात्र फुकट उघडते. त्यामुळे विषय सोपा वाटतो आणि सिनॉप्सिस मंजूर झाल्यावर मुलं अडकतात. मोजणं सोपंच आहे. कोणाला कुठल्या खान्यात टाकायचं, तिथे खरी कसोटी लागते.

पहिलं काम म्हणजे जर्नलांची यादी, तीही मंडळं न बघता ठरवायची. मंडळ बघून जर्नल निवडलं की निष्कर्ष आधीच ठरल्यासारखा होतो. एकच उपशाखा घ्या, उदाहरणार्थ डेटाबेस किंवा सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग, आणि तीसचाळीस जर्नलांवर थांबा. ‘मिळतील ती सगळी’ असं करू नका. पैसे घेऊन काहीही छापणारी जर्नलं मंडळावर जगभरातली नावं टाकतात, कधी त्या माणसांना न विचारताच, आणि तुमच्या तक्त्यात भौगोलिक विविधता छान वाढलेली दिसते. यूजीसीची केअर यादी, म्हणजे मान्य जर्नलांची यादी, २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे निवडीचा निकष आता स्वतः लिहून काढावा लागतो. ‘गाईडनी सांगितली म्हणून घेतली’ हा निकष होत नाही.

मंडळाचं पान ज्या दिवशी उतरवलं ती तारीख नोंदवा, पीडीएफ ठेवा आणि वेबॅक मशीनमध्येही, म्हणजे वेबपानांच्या जुन्या प्रती साठवणाऱ्या साइटवर, जतन करा. मंडळं बदलत राहतात. सहा महिन्यांनी परीक्षकाने पान उघडलं आणि नावं जुळली नाहीत, तर दाखवायला काहीतरी हवं.

एक्सेलमधली एक ओळ म्हणजे एक माणूस नव्हे, एक खुर्ची, म्हणजे एका मंडळावरची एक जागा. एकच प्राध्यापक तीन जर्नलांवर असतो, म्हणून खुर्चीचा आणि माणसाचा क्रमांक वेगळा ठेवा. मुख्य संपादक, सहयोगी संपादक, सल्लागार मंडळ आणि प्रकाशकाचा पगारी कर्मचारी यांची बेरीज कधीही करू नका. पेपर कोणाकडे पाठवायचा आणि घ्यायचा की नाही हे पहिले दोघे ठरवतात. सल्लागार मंडळावर निवृत्त झालेल्यांची नावंही वर्षानुवर्षं राहतात. नावं जुळवायला डीबीएलपी हा कॉम्प्युटर सायन्सच्या पेपरांचा डेटाबेस चांगला: एकाच नावाच्या माणसांपुढे तिथे ०००१, ०००२ असे आकडे असतात. ऑर्किड (ORCID) हा संशोधकाचा स्वतःचा कायमचा क्रमांक मिळाला तर उत्तमच. आपल्याकडे लग्नानंतर आडनाव बदललेली बाई दोन वेगळ्या माणसांसारखी नोंदलेली असू शकते, तेवढं हाताने तपासा.

देश म्हणजे काम करत असलेल्या संस्थेचा देश. मिरजेत जन्मून मेरीलँडमध्ये शिकवणारा माणूस तुमच्या तक्त्यात अमेरिकेचा. आडनावावरून मूळ देश ओळखायला जाऊ नका, तो प्रश्नच वेगळा आहे. दोन संस्था दिल्या असतील तर पहिली घ्या. कंपनी असेल तर ऑफिसचं शहर बघा, मायक्रोसॉफ्ट रिसर्च बंगळुरूतही आहे. विद्यापीठांच्या परदेशी शाखा फसवतात: आयआयटी मद्रासची २०२३ मध्ये सुरू झालेली झांझिबारची शाखा टांझानियात मोजायची. हाँगकाँग चीनमध्ये धरायचं की वेगळं, हे एकदाच ठरवा आणि प्रबंधात लिहा. संस्थांची नावंही नीट वाचा, वालचंद सांगलीतही आहे आणि सोलापुरातही.

आता लिंग. यात सगळ्यात जास्त वेळ जातो आणि चुकाही इथेच होतात. बहुतेक जण नावावरून लिंगाचा अंदाज सांगणाऱ्या जेंडराइजसारख्या सेवेला पहिलं नाव देतात आणि आलेलं उत्तर चिकटवतात. किरण आणि शीतल ही नावं आपल्या गावात दोघांचीही असतात. आंद्रेआ इटलीत पुरुष, जर्मनीत बाई. ज्योती म्हटलं की आपल्याला बाई दिसते, पण ज्योती बसू बंगालचे मुख्यमंत्री होते. सेवेला देशाचा कोड देता येतो, पण तुमच्याकडे असतो तो नोकरीचा देश. पॅरिसमध्ये शिकवणाऱ्या इटालियन सिमोनेला फ्रान्सचा कोड दिला की तो बाई होतो.

याहून मोठी अडचण ‘अज्ञात’ या खान्याची आहे. चिनी नाव रोमन लिपीत आलं की मूळ चिन्हं आणि सूर दोन्ही जातात आणि अंदाज कोलमडतो. दक्षिण भारतातली काही नावं आद्याक्षरांसह येतात, पहिलं नाव कुठलं हेच कळत नाही. मुलं अशा ओळी सरळ काढून टाकतात. म्हणजे चीन आणि दक्षिण भारतातली माणसं लिंगाच्या तक्त्यातून जास्त गळतात, आणि उरलेला आकडा मुख्यतः अमेरिका-युरोपचा होतो. स्त्रियांचं प्रमाण काढता काढता भूगोल बिघडतो. म्हणून अज्ञातांची टक्केवारी देशानुसार वेगळी छापा. ती एखाद्या देशात ३० टक्क्यांच्या वर गेली, तर आमच्या मते त्या देशाबद्दल लिंगाचं विधानच करू नये.

हाताने तपासण्याचा क्रम असा ठेवा: आधी संस्थेच्या पानावरचा परिचय, मग जुन्या पेपरच्या शेवटी असलेली लेखकाची ओळख. आयईईईच्या अनेक जर्नलांत ही ओळख तृतीयपुरुषी असते, त्यामुळे इंग्रजीत ‘he’ लिहिलंय की ‘she’ ते कळतं. फोटोवरून ठरवणं टाळा. नावावरून केलेली मोजणी माणसांना दोनच खान्यांत बसवते, ही मर्यादा स्पष्ट लिहा. माणसाने स्वतः सांगितलेलं सगळ्यात भरवशाचं, पण त्यासाठी प्रश्नावली पाठवावी लागते आणि उत्तरं थोडीच येतात.

‘मंडळावर १५ टक्के स्त्रिया’ याला एकट्याने अर्थ नाही, कशाच्या तुलनेत ते सांगा. २०२३ मध्ये नेचर ह्युमन बिहेव्हियरमध्ये आलेल्या, १५ विद्याशाखांतल्या सुमारे ८१,००० संपादकांच्या अभ्यासात लेखकांत २६, संपादकांत १४ आणि मुख्य संपादकांत ८ टक्के स्त्रिया होत्या. तिन्ही आकडे शेजारी आले म्हणून चित्र दिसलं. तुम्हीही त्याच जर्नलांचे लेखक मोजा. संपादक सहसा अनुभवी असतात, त्यामुळे दहा वर्षांपूर्वीपासून लिहिणारे लेखक वेगळे काढले तर तुलना जास्त न्याय्य होते. लेखकांच्या संस्था ओपनअ‍ॅलेक्स या शोधनिबंधांच्या खुल्या डेटाबेसमधून फुकट मिळतात.

एकेका जर्नलची क्रमवारी लावू नका. वीसात चार स्त्रिया म्हणजे २० टक्के, पण विल्सन पद्धतीने ९५ टक्के विश्वासाची मर्यादा साधारण ८ ते ४२ टक्के येते, म्हणजे खरं प्रमाण या पट्ट्यात कुठेही असू शकतं. देशांची विविधता मोजायला ब्लाउ निर्देशांक वापरतात: प्रत्येक देशाच्या वाट्याचा वर्ग करा, बेरीज एकातून वजा करा. वीस जणांत अमेरिका १२, चीन ४, ब्रिटन २, भारत १, जर्मनी १ असेल तर ०.५८५. चीनच्या जागी कॅनडा आणि भारताच्या जागी ऑस्ट्रेलिया घातला तरी उत्तर तेच! निर्देशांकासोबत देशवार खुर्च्या छापायच्या त्या यासाठी.

वेळेचा हिशेब: ४० जर्नलं, प्रत्येकी ३० नावं, म्हणजे १,२०० खुर्च्या. एकीला तीनचार मिनिटं धरली तर ६० ते ८० तास. त्यातल्या १२० ओळी दुसऱ्या माणसाकडून, तुमची उत्तरं न दाखवता, पुन्हा भरून घ्या आणि कोहेनचा काप्पा काढा, म्हणजे योगायोग वगळून दोघांची उत्तरं किती जुळतात त्याचा आकडा. तो कमी आला तर नियम पुन्हा लिहा, ओळी ढकलत पुढे जाऊ नका.

‘यात कॉम्प्युटर सायन्स कुठे आहे?’ हा प्रश्न कमिटी विचारतेच. एकसारखी नावं वेगळी करणं, पानांतून डेटा काढणं आणि त्यातली चूक मोजणं हे दाखवा. तेवढं पुरतं. प्रबंधात व्यक्तींची नावं छापू नका, क्रमांक द्या. पेपर पाठवताना सायंटोमेट्रिक्ससारखं, संशोधनाचंच मोजमाप करणारं जर्नल निवडा, आणि ते तुमच्या नमुन्यात असेल तर ही गोष्ट कव्हर लेटरमध्येच सांगा.