नाइट लागायच्या आधी: गॉगल, पडदे आणि मग तो दिवा

भाच्याला सोमवारपासून नाइट लागतेय इंदूरजवळच्या पीथमपुरच्या कारखान्यांच्या वस्तीत, रात्री अकरा ते सकाळी सात, आणि काल फोनवर त्यानं एकच विचारलं, मामा तो झोपेचा लाइट मिळतो ना ऑनलाइन, म्हणजे झोपेची वेळ सरकवायला समोर लावून बसायचा प्रखर दिवा, तो मागवू का. म्हटलं मागव, पण यादीत तो शेवटी येतो बाबा, आधीचं ऐकून घे. ११ वर्षं नाइट काढल्यात म्हणून लिहितोय, इंदुरात अजून कुणाला लागणार असेल तर त्यांनीही वाचा.

आधी हे बघ की नाइट सलग किती आहेत. दोनच रात्री करून परत दिवसपाळी असेल तर शरीराचं घड्याळ हलवायच्या भानगडीत पडूच नको, ते निम्मं सरकेस्तोवर तुला परत आणावं लागेल, अशा वेळी ड्यूटीवर जायच्या आधी दुपारी दीड-दोन तास झोप काढायची आणि निभवायचं. तुझे सलग १५ दिवस आहेत म्हणालास, मग उजेडाचा उपयोग आहे.

तर गंमत अशी की डोळ्याच्या पडद्यात बघायच्या पेशी सोडून अजून थोड्या पेशी असतात, २००२ च्या सुमारास त्यांचा पत्ता लागला, त्या मुख्यतः उजेड किती आहे तेवढं मेंदूतल्या घड्याळाला कळवतात, आणि निळसर उजेडाला, ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या, सगळ्यात जास्त भुलतात. आता दिवसा जागणाऱ्या माणसाचं शरीर पहाटे चार-पाचच्या सुमारास सगळ्यात थंड असतं आणि पेंगही तेव्हाच अनावर येते. त्या टोकाच्या आधी डोळ्यावर उजेड पडला तर घड्याळ पुढच्या वेळेकडे सरकतं, म्हणजे झोप उशिरा यायला लागते, जे आपल्याला हवंय, आणि नंतर पडला तर बरोब्बर उलटं. रोज तासा-दीड तासानं ते टोक ड्यूटीतून उचलून अंथरुणात न्यायचं, एवढाच खेळ आहे सगळा. म्हणून दिवा घेतलास आणि पहाटे सहाला पेंग आली म्हणून समोर लावून बसलास तर पैसे देऊन स्वतःचंच नुकसान.

म्हणून पहिली खरेदी गॉगल. डोळ्यांना बाजूनंही झाकणारा, गडद. इंदुरात जूनमध्ये पावणेसहालाच उजाडतं आणि जानेवारीतही तू सुटेस्तोवर उजाडलेलंच असतं, त्यात पीथमपुर पडतं नैऋत्येला, म्हणजे येताना बस सूर्याकडे तोंड करूनच निघते, रात्रभर दिव्यानं जे कमावलं ते वाटेतल्या राऊच्या आत गमावलंस म्हणून समज. घराबाहेरचं ऊन एक लाख लक्सपर्यंत (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) जातं रे, घरातली ट्यूबलाइट जेमतेम दोनशे-तीनशे. खिडकीची सीट सोड, शक्यतो मधली पकड. मात्र बाइकनं जात असशील तर हा गॉगल विसर, रात्रभर जागलेल्या माणसाला अंधारात बसवून हँडल हातात द्यायचं नसतं, बसनंच जा, आणि हे मी नुसतं सांगायचं म्हणून सांगत नाहीये.

आणि पोहे. बसमधून उतरलं की सगळी गँग ठेल्यावर, वर शेव, जीरावन मसाला, बाजूला जलेबी, अर्धा तास उन्हात उभं राहून गप्पा, भिया एक प्लेट और. मी पहिली तीन वर्षं हेच केलं आणि मग दुपारी एकला डोळे टक्क उघडे. पोहे बांधून घे, घरी खा, पोट रिकामं ठेवून झोपू नको. आठ-साडेआठला आडवा, तीन-साडेतीनपर्यंत.

खोली हे खरं मोठं काम. हात डोळ्यांसमोर धरला तर दिसता कामा नये इतका अंधार. महागाचे ब्लॅकआउट पडदे नको, काचेला आतून अॅल्युमिनियम फॉइल आणि वर जुनी सोलापुरी चादर, माझं तेवढ्यात भागलं. दाराखालच्या फटीला पायपुसणं गुंडाळून. कूलरचा आवाज उलट चांगला, कुकरच्या शिट्ट्या दबतात. ताईला, म्हणजे तुझ्या आईला, मात्र आत्ताच सांगून ठेव, दहा वाजले उठ काहीतरी खाऊन घे असं म्हणत ती पडदा बाजूला करणार, आई लोकांना दिवसा झोपलेला मुलगा बघवत नाही. बेलचं बटण काढून ठेव, बाईला चारनंतर बोलाव.

आता दिवा. पांढऱ्या उजेडाचा, यूव्ही अडवणारा, आणि डब्यावर १०,००० लक्स लिहिलं असेल तर किती अंतरावर ते वाच, बहुतेक १५-२० सेंटीमीटरवरचा आकडा असतो आणि एवढ्या जवळ नाक लावून कोण बसतं, लांब सरकलास की उजेड भराभर कमी होतो. मी पहिल्यांदा दुकानात विचारलं तर त्यानं खात्रीनं कंबर शेकायचा लाल दिवा गळ्यात मारला, आठवडाभर मी समोर बसलो, गाल गरम व्हायचे, बाकी काही नाही. दिवा जरा बाजूला ठेवायचा, त्याच्याकडे टक लावायची नाही. रात्री पावणेएक ते पहाटे चार, दर तासाला १५ मिनिटं, अशा तुकड्यांनी काम होतं, सलग बसायची गरज नाही. लाइनवर असलास तर सुपरवायझरला आधी विचार, रेस्टरूममध्ये किंवा रजिस्टर भरायच्या टेबलावर ठेवता येतो का. चारनंतर बंद. चहाही तीननंतर नको, कॅफिन निम्मं उतरायलाच पाचेक तास घेतं.

मागवायच्या आधी डॉक्टरला एकदा विचार: डोळ्याच्या पडद्याचं दुखणं, मायग्रेन, बायपोलर (यात उजेडानं माणूस भलताच चढू शकतो), किंवा डॉक्सीसायक्लिन, अॅमिओडॅरोनसारखी उजेड न सोसवणारी गोळी चालू असेल तर स्वतःच्या मनानं नाही. सुरुवातीला डोकं दुखलं तर दिवा लांब कर, वेळ कमी कर. मेलाटोनिनची (झोपेच्या हार्मोनची) गोळीही विचारूनच. आणि तुझे पप्पा सांगतात तसं तू घोरत असशील तर ते वेगळं तपासून घे, त्याला दिवा काय करणार.

सुट्टीच्या दिवशी सकाळी सहाला उठून शहाणा होऊ नकोस, सगळं परत शून्यावर येतं. रात्री तीनला झोप, दुपारी बाराला उठ. इंदूरसारखं गाव नाही यासाठी, रात्री एकला सराफ्याच्या खाऊगल्लीत भुट्टे का कीस (किसलेल्या मक्याचा पदार्थ) खात उभा राहिलास तर कुणी विचारत नाही.

आजपासून वहीत झोपल्या-उठल्याची वेळ लिहायला लाग, मोबाइलच्या अॅपपेक्षा वही बरी. फॉइल लावायला मी रविवारी येतो, शिडी माळ्यावरून काढून ठेव, मागच्या दिवाळीला तिची एक पायरी हलत होती तेवढी बघ.