घरातील दीर्घ आजार आणि हातातला मोबाइल : काळजी घेणाऱ्यांसाठी

मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार किंवा पार्किन्सन यांसारखा आजार घरात वर्षानुवर्षे मुक्कामाला असतो, तेव्हा सर्वाधिक ताण पडतो तो सांभाळणाऱ्याच्या स्मरणशक्तीवर. पुण्यात तर मुलगी हिंजवडीत कामाला, आई कोथरूडला आणि दिवसभर सोबतीला रुग्णसेविका पुरवणाऱ्या ब्यूरोच्या मावशी, अशी व्यवस्था अनेक घरांत असते. त्यामुळे कोणती गोळी कोणी दिली, हे तिघींनाही एकाच ठिकाणी दिसले पाहिजे. त्यासाठी पाच-सहा ॲप घेण्याची गरज नाही. फोनमधील गजर, कॅमेरा, कॅलेंडर आणि घरच्यांचा एक वेगळा व्हॉट्सॲप ग्रुप एवढ्यावर बहुतेक काम भागते.

सुरुवात औषधांच्या यादीपासून करावी. प्रत्येक स्ट्रिपचा फोटो असा काढावा की घटकाचे नाव, मिलिग्रॅम आणि मुदतीची तारीख स्पष्ट वाचता येईल. हृदयाचे आणि मधुमेहाचे डॉक्टर वेगवेगळे असले, तर एकच घटक दोन कंपन्यांच्या नावांनी लिहून दिला जाण्याची शक्यता असते आणि ती चूक घटकाच्या नावावरूनच लक्षात येते. गोळ्या काढताना मुदत छापलेला भाग शेवटपर्यंत राखून ठेवावा.

गजराला नुसते ‘औषध’ असे नाव न देता ‘मेटफॉर्मिन ५००, जेवणानंतर, एक गोळी’ असे पूर्ण नाव द्यावे. गजर बंद केला म्हणजे गोळी घेतली असे होत नाही. म्हणून गोळी दिल्यावर साप्ताहिक डबीतील रिकाम्या कप्प्याचा फोटो मावशींनी ग्रुपवर टाकावा, हे आधीच ठरवून घ्यावे. एखादी वेळ चुकली, तर पुढच्या वेळी मनाने दुप्पट मात्रा देऊ नये, डॉक्टरांना विचारावे.

रक्तदाबाची नोंद योग्य रीतीने घेतलेली असेल तरच उपयोगाची असते. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा-कॉफी घेऊ नये आणि पाच मिनिटे शांत बसावे. पाठीला आधार, पाय जमिनीवर, पट्टा उघड्या दंडावर आणि दंड हृदयाच्या पातळीवर असावा. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे वेळेसह लिहावेत. मनगटी घड्याळातल्या आकड्यावर औषध बदलण्याचा विचारही करू नये.

ग्रुपच्या वरच्या बाजूला एक संदेश पिन करून ठेवावा आणि पिनची मुदत संपली की तो पुन्हा पिन करावा. मधुमेही व्यक्तीची साखर ७० च्या खाली गेली आणि ती शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावी. शुद्ध हरपली असेल, तर तोंडातून काहीही न देता १०८ ला फोन करावा. घाबरलेल्या माणसाला हे ऐनवेळी आठवत नाही, म्हणूनच ते डोळ्यांसमोर असावे. आजार, ॲलर्जी आणि जवळच्या नातेवाइकाचा क्रमांक रुग्णाच्या फोनच्या आणीबाणीच्या माहितीत भरावा, म्हणजे फोन लॉक असतानाही तो दिसू शकतो.

तपासणीचे अहवाल तारखेनुसार एका फोल्डरमध्ये ठेवावेत. आरोग्याच्या नोंदी एकत्र ठेवण्यासाठीचा १४ अंकी सरकारी ‘आभा’ क्रमांक विनामूल्य काढता येतो आणि रुग्णाच्या संमतीने अहवाल त्याला जोडता येतात. किरकोळ शंकेसाठी सरकारच्या ‘ई-संजीवनी’ सेवेवर घरबसल्या डॉक्टरांशी बोलता येते. मात्र छातीत दुखणे, तोंड वाकडे होणे किंवा बोलणे अडखळणे यासाठी थेट रुग्णालयच गाठावे. पेठांमध्ये राहणाऱ्यांनी गणेशोत्सवापूर्वी औषधे भरून ठेवावीत आणि विसर्जनाच्या दिवशी रुग्णवाहिका कोणत्या गल्लीपर्यंत येऊ शकेल, तेही ग्रुपवर लिहून ठेवावे.

आपल्याविषयी काय नोंदवले जाते, हे आजारी माणसाला सांगितले पाहिजे. त्यांचे अहवाल सोसायटीच्या किंवा नातेवाइकांच्या मोठ्या ग्रुपवर जाऊ देऊ नयेत. आजारी असले तरी ते घरातील वडीलधारे आहेत.

सांभाळणाऱ्याची विश्रांतीही त्याच कॅलेंडरमध्ये नावानिशी लिहावी : रविवारी दुपारी भाऊ बसणार, बुधवारी संध्याकाळी वहिनी. झोप उडाली, सतत चिडचिड किंवा रडू येऊ लागले, तर ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मराठीतूनही, समुपदेशकाशी विनामूल्य बोलता येते, हा क्रमांक आजच फोनमध्ये साठवून ठेवावा.